यदृच्छेची पालटती चाल

आषाढांत चार दिवस लख्ख ऊन पडलें म्हणजे पेरणी करून बसलेल्या शेतकऱ्यापुढें एक अवघड प्रश्न उभा राहतो. ही नुसती उघडीप आहे, कीं पावसाचा खंड पडला? उघडीप असेल तर स्वस्थ बसावें. खंड असेल तर दुबार पेरणीच्या बियाण्याची तजवीज आजच केली पाहिजे. आभाळ दोन्ही वेळीं सारखेंच निळें दिसतें. पावसाची नित्याची लहर निराळी आणि पावसाची चालच पालटणें निराळें. परंतु डोळ्यांना दिसणारें चिन्ह दोहोंचें एकच. चार दिवसांचा तुटपुंजा पुरावा हातीं घेऊन त्याला ह्या दोहोंमधून एकाची निवड करावी लागते, आणि ती चुकली म्हणजे सबंध वर्ष हातचें जातें.

ह्या प्रश्नाचें गणित गेल्या सुमारें सव्वाशे वर्षांत कसकसें घडत गेलें, हें वाचकांस सांगावें असा आमचा हेतु आहे. शास्त्रज्ञांनीं ह्या विषयास 'यदृच्छया पालटणाऱ्या व्यवस्थांचें गाळण व नियंत्रण' अशा अर्थाचें लांबलचक नांव दिलें आहे. नांव बोजड असलें तरी त्यांतील कल्पना सामान्य माणसाच्या अनुभवांतलीच आहे. एखाद्या वस्तूच्या वागण्याच्या मोजक्या चाली असतात. एका चालीवरून दुसरीवर ती केव्हां उडी घेईल हें कोणी निश्चित सांगूं शकत नाहीं. शिवाय एकाच चालीनें जात असतांनाही ती थोडीफार डळमळते, आणि तिच्याकडे पाहणाऱ्याच्या मापांतही चूक असते. ह्या सर्व गोंगाटांतून खरी स्थिति वेगळी काढणें ह्याचें नांव गाळण, आणि तिला अनुसरून योग्य उपाय योजणें ह्याचें नांव नियंत्रण. ह्या शास्त्राचा आरंभ मात्र शेतांत किंवा कारखान्यांत झाला नाहीं. तो झाला एका धार्मिक वादांत.

रशियामध्यें पाव्हेल नेक्रासोव्ह नांवाचा गणिती होता. त्याचें आरंभींचें शिक्षण ख्रिस्ती धर्मपीठाच्या विद्यालयांत झालें होतें. विवाह, गुन्हे इत्यादिकांचे वार्षिक आंकडे मोठ्या समाजांत आश्चर्यकारक रीतीनें स्थिर राहतात, हें तोंपर्यंत सर्वांस ठाऊक झालें होतें. १९०२ मध्यें नेक्रासोव्हनें असें प्रतिपादन केलें कीं, अशी स्थिरता येण्यास घटना एकमेकींपासून स्वतंत्र असणें अवश्य आहे. समाजांत ती स्थिरता दिसते, त्या अर्थीं माणसांचीं कृत्यें स्वतंत्र आहेत. आणि म्हणून मनुष्याची इच्छाशक्ति स्वतंत्र आहे! धर्मशास्त्राचा एक प्रमुख सिद्धान्त गणिताच्या हातानें सिद्ध झाला, असें त्याला वाटलें.

सेंट पीटर्सबर्गच्या आंद्रेइ मार्कोव्हला हें मुळींच रुचलें नाहीं. मार्कोव्ह स्वभावानें तापट आणि मतानें सुधारक. टॉलस्टॉयला धर्मबाह्य ठरविणाऱ्या चर्चनें आपलेंही नांव काढून टाकावें असा अर्ज त्यानें १९१२ मध्यें स्वतः होऊन केला. रोमानोव्ह घराण्याच्या राजवटीस १९१३ मध्यें तीनशें वर्षें झालीं म्हणून सरकारी उत्सव चालला असतां, ह्या गृहस्थानें बर्नूलीच्या ग्रंथास दोनशें वर्षें पूर्ण झाल्याचा गणिती उत्सव साजरा केला. नेक्रासोव्हला त्यानें जें उत्तर दिलें, तें मात्र केवळ तापटपणाचें नव्हतें. १९०६ मध्यें त्यानें दाखवून दिलें कीं, घटना एकमेकींवर अवलंबून असल्या तरीही त्यांच्या सरासरीस स्थिरता येऊं शकते. त्यासाठीं त्यानें एक नवीन कल्पना निर्माण केली. पुढची घटना काय होईल हें आजच्या स्थितीवर अवलंबून असावें, मागील सर्व इतिहासावर नव्हे; अशा घटनांची एकामागून एक गुंफलेली माळ म्हणजे आज जगभर 'मार्कोव्हची साखळी' म्हणून प्रसिद्ध असलेली रचना होय.

ह्या साखळीचें पहिलें प्रत्यक्ष उदाहरण त्यानें काव्यांतून घेतलें. पुष्किनच्या 'यूजीन ओनेगिन' ह्या काव्यांतील पहिलीं २०,००० अक्षरें त्यानें हातानें मोजलीं आणि २३ जानेवारी १९१३ रोजीं विज्ञान अकादमीपुढें त्यांचा हिशेब मांडला. त्यांत स्वर ८,६३८ आणि व्यंजनें ११,३६२ निघालीं; म्हणजे कोणतेंही एक अक्षर उचललें तर तें स्वर असण्याचा संभव शेंकडा ४३ च्या आसपास. परंतु मागचें अक्षर स्वर असेल तर पुढचें स्वर असण्याचा संभव शेंकडा १३ च्याही खालीं जातो, आणि मागचें व्यंजन असेल तर तोच ६६ च्या वर चढतो. अक्षरें स्वतंत्र नाहींत, तरीही एकंदर प्रमाण स्थिर आहे. नेक्रासोव्हच्या तर्काचा पायाच ह्या मोजणीनें ढांसळला. इच्छास्वातंत्र्य खरें कीं खोटें हा प्रश्न त्यामुळें सुटला नाहीं. त्याचा निकाल ह्या मार्गानें लागणार नाहीं एवढें मात्र सिद्ध झालें. मार्कोव्ह १९२२ मध्यें वारला. आपल्या साखळीचा यंत्रांशीं कांहीं संबंध येईल, असें त्याच्या लिखाणांत कोठेंही दिसत नाहीं.

ह्या कथेचा दुसरा धागा युद्धांत सुरू होतो. १९४० मध्यें इंग्लंडवर जर्मन विमानांचे हल्ले होत होते, आणि विमानवेधी तोफांपुढें एक अडचण उभी होती. तोफेचा गोळा उंचावरील विमानापर्यंत पोंचेपर्यंत कित्येक सेकंद लोटतात; तेवढ्यांत विमान पुढें गेलेलें असतें. म्हणून नेम धरावयाचा तो विमान आहे तेथें नव्हे, तर तें असेल तेथें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांत नॉर्बर्ट वीनर ह्या गणित्यानें ज्यूलियन बिगेलो ह्या इंजिनियराच्या साहाय्यानें हें काम हातीं घेतलें. रडारवर उमटणाऱ्या डळमळीत टिपणांतून गोंगाट वजा करून पुढील स्थानाचा उत्तमोत्तम अंदाज कसा करावा, ह्याचें संपूर्ण गणित त्यानें फेब्रुवारी १९४२ च्या एका गुप्त अहवालांत मांडलें. अहवालाचें वेष्टन पिवळें आणि आंतील गणित दुर्बोध, म्हणून इंजिनियरांनीं त्याला थट्टेनें 'पिवळें संकट' असें नांव ठेवलें. हाच सिद्धान्त मॉस्कोमध्यें आंद्रेइ कोल्मोगोरोव्हनें निराळ्या मार्गानें १९४१ पर्यंत प्रसिद्ध केला होता. वीनरचा ग्रंथ उघडपणें छापला गेला तो १९४९ मध्यें.

वीनरचें गणित निर्दोष होतें. पण प्रत्यक्ष उड्डाणांच्या नोंदी घेऊन पडताळा पाहिला, तेव्हां साध्या पद्धतीच्या मानानें तें थोडेंच सरस ठरलें, आणि तें यंत्र रणांगणावर गेलेंच नाहीं. आमच्या मतें ह्याचें एक कारण गणिताच्या गृहीतकांतच आहे. वीनरनें असें धरलें होतें कीं, वैमानिकाच्या चांचल्याचा स्वभाव कालच्यासारखाच आज आणि आजच्यासारखाच उद्यां राहतो. प्रत्यक्षांत वैमानिक कांहीं वेळ सरळ जातो, मग एकाएकीं वळतो, आणि वळल्यावर कांहीं वेळ वळतच राहतो. त्याच्या चालीच दोन आहेत. दोहोंची सरासरी काढून बनविलेली गाळणी सरळ जाणाऱ्यासही पुरी बसत नाहीं आणि वळणाऱ्यासही नाहीं.

तिसरा धागा आगगाडींत सांपडला. रूडॉल्फ काल्मान १९३० मध्यें बुडापेस्ट येथें जन्मला आणि युद्धकाळांत, १९४३ मध्यें, कुटुंबासह अमेरिकेस आला. नोव्हेंबर १९५८ मध्यें तो प्रिन्स्टनहून बॉल्टिमोरला परत येत असतां, रात्रीं अकराच्या सुमारास गाडी शहराबाहेर तासभर अडकून पडली. डोकें दुखत होतें, करावयास कांहीं नव्हतें. त्या तासांत त्याला सुचलें कीं, वीनरच्या प्रश्नांत सबंध इतिहास सांभाळण्याऐवजीं वस्तूच्या केवळ चालू 'अवस्थे'चा विचार करावा. अवस्था कळली म्हणजे मागचें सर्व विसरावयास हरकत नाहीं. मार्कोव्हच्या साखळींतील मर्म तें हेंच. दर नव्या मापागणिक जुना अंदाज थोडासा दुरुस्त करावयाचा, आणि किती दुरुस्त करावा हें जुन्या अंदाजावरील विश्वास व नव्या मापावरील विश्वास ह्यांच्या प्रमाणावरून ठरवावयाचें, एवढीच ती रीति. १९६० मध्यें हा निबंध यांत्रिकी इंजिनियरांच्या नियतकालिकांत छापला गेला. त्याच वर्षीं काल्माननें कॅलिफोर्नियांतील एम्स संशोधनकेंद्रास भेट दिली. तेथील स्टॅन्ली श्मिट् ह्यानें ती रीति चंद्राच्या मार्गनिर्णयास लागू पडते हें ओळखलें, आणि अपोलो योजनेंत तिचा उपयोग झाला. अपोलोच्या यानांतील गणनयंत्राची बदलतां येण्याजोगी स्मृति केवळ २,०४८ शब्दांची होती. सबंध इतिहास वाहून नेण्यास तेथें जागाच नव्हती. मागचें विसरण्याची सोय असलेलें गणितच तेथें टिकणारें होतें.

ह्या कथेशीं पुण्याचाही एक खरा संबंध आहे. केरळांतून पुण्यास येऊन राहिलेल्या एका कुटुंबांत १९३५ मध्यें थॉमस कैलाथ ह्यांचा जन्म झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची पदवी १९५६ मध्यें घेऊन ते अमेरिकेस गेले, आणि पुढें स्टॅन्फर्ड विद्यापीठांत प्राध्यापक झाले. १९६८ मध्यें त्यांनीं गाळणीच्या सर्व शास्त्राची मांडणी एका कल्पनेभोंवतीं केली. ह्या कल्पनेचें मूळ कोल्मोगोरोव्हच्या लेखनांत आहे. परंतु तिला मध्यवर्ती स्थान मिळालें तें कैलाथ ह्यांच्यामुळें. प्रत्येक नव्या मापाचे दोन भाग पडतात : एक, जो आधींच्या ज्ञानावरून अपेक्षितच होता, आणि दुसरा, जो अनपेक्षित. पहिल्या भागापासून कांहीं शिकावयाचें नसतें. दुसरा जो 'नवलांश', तोच काय तो ज्ञान वाढवितो. आपल्या अपेक्षेबाहेर जें आलें त्याचें काय करावें, ह्या एका प्रश्नांत सर्व गाळण सांठविलेलें आहे असें म्हटल्यास चालेल.

आणि येथेंच पालटणाऱ्या चालीचा पेंच उभा राहतो. नवलांश मोठा आला, तर तो मापांतला गोंगाट समजावा, कीं वस्तूची चालच पालटली असें समजावें? काल्मानची साधी गाळणी फार काळ सुरळीत चालली म्हणजे आपल्या अंदाजावर तिचा विश्वास इतका वाढतो कीं, येणाऱ्या मापांकडे ती जवळजवळ लक्षच देईनाशी होते. विमान वळून गेलें तरी ती कागदावर तें सरळच नेत राहते. उलटपक्षीं तिला फार संशयी केली, तर प्रत्येक गोंगाटास ती वळण समजूं लागते.

ह्या पेंचाचे दोन सोपे प्रकार प्रथम सुटले. चाल पालटली हें प्रत्यक्ष दिसत असेल तर नियंत्रण कसें करावें, हें रशियांतील क्रासोव्हस्की व लिड्स्की ह्यांनीं १९६१ मध्यें सांगितलें. त्यांच्या उत्तरांतील मर्म असें कीं, आज जी चाल चालू आहे ती कायमची आहे असें समजून केलेला उत्तम उपाय हा खरोखर उत्तम उपाय नव्हे. आजच्या उपायांत उद्यांच्या संभाव्य पालटाची भीति योग्य प्रमाणांत मिसळलेली असली पाहिजे. दुसऱ्या प्रकारांत मार्कोव्हची साखळी स्वतःच गोंगाटाआड दडलेली असते. तिच्यासाठीं कानडाच्या वॉनमनें १९६५ मध्यें एक नेटकी गाळणी दिली. जितक्या चाली तितक्याच संख्या तिला सांभाळाव्या लागतात, अधिक नाहीं.

परंतु चालही दडलेली आणि त्या चालीनें हलणारी वस्तूही गोंगाटाआड, असे दोन्ही पडदे एकदम आले म्हणजे गणित हाताबाहेर जातें. चाली दोनच धरल्या, तरी एका मापानंतर दोन शक्य कथा, दोन मापांनंतर चार, दहा मापांनंतर १,०२४ आणि वीस मापांनंतर १०,४८,५७६. प्रत्येक कथेस वेगळी गाळणी लावावी लागते. कितीही मोठें गणनयंत्र घेतलें तरी ही बेरीज त्यास पुरून उरते. मागचें विसरावयाची काल्मानची सोय येथें नाहींशी होते, कारण चाल केव्हां पालटली ह्यावरच आजचा अंदाज अवलंबून राहतो.

ह्यावर १९८८ मध्यें हॉलंडचा ब्लॉम व अमेरिकेंतील बार-शालोम ह्यांनीं जो तोडगा प्रसिद्ध केला, तो मोठा शहाणपणाचा आहे. जितक्या चाली तितक्याच गाळण्या चालू ठेवावयाच्या. एक 'विमान सरळ जात आहे' असें मानणारी, दुसरी 'तें वळत आहे' असें मानणारी. प्रत्येक मापानंतर जिचा अंदाज खरा ठरला तिचें वजन वाढवावयाचें. पण पुढच्या मापापूर्वीं त्या गाळण्यांनीं आपापले अंदाज एकमेकींस, चाल पालटण्याच्या संभवाच्या प्रमाणांत, वांटून द्यावयाचे. त्यामुळें हरलेली गाळणीही अगदीं भरकटत नाहीं. तिची पाळी येतांच ती योग्य जागेवरून सुरुवात करते. हें उत्तर पूर्ण अचूक नाहीं, परंतु व्यवहारास पुरेसें आहे, आणि यूरोपच्या आकाशांतील विमानवाहतुकीच्या देखरेखींत तें वापरलें गेलें. एक अट मात्र त्यांत मोडून चालत नाहीं. कोणत्याही चालीचा संभव कधींही शून्य धरावयाचा नाहीं. कारण शून्यास कोणत्याही पुराव्यानें गुणलें तरी तें शून्यच राहतें, आणि मग डोळ्यांदेखत विमान वळलें तरी गाळणीस तें कधींच दिसत नाहीं.

नियंत्रणाच्या बाजूसही असेच धोके आहेत. एक घरगुती हिशेब पाहा. शंभर रुपये अशा धंद्यांत घातले कीं, वाईट वर्षीं ते निम्मे होतात आणि चांगल्या वर्षीं दीडपट. दोन्ही वर्षें सारख्याच संभवाचीं. वर्षअखेरची सरासरी काढली तर ती शंभरच येते. धंदा स्थिर आहे असें वाटतें. पण एक चांगलें व एक वाईट अशीं दोन वर्षें गेलीं कीं हातीं पंचाहत्तर उरतात. पांच चांगलीं व पांच वाईट गेलीं तर चोवीसच्याही आंत. मग सरासरी शंभर राहते कशी? थोड्यांच्या अफाट लाभामुळें. आणि रकमेच्या वर्गाची सरासरी तर वर्षाला सव्वापट वाढत जाते. स्थिर, खालावणारी आणि उधळणारी, हीं तिन्ही वर्णनें एकाच व्यवस्थेस एकाच वेळीं लागू पडतात. म्हणून अशा व्यवस्थेवर यंत्र चालविणाऱ्यानें 'स्थैर्य' म्हणजे नेमकें काय, हें आधीं ठरविलें पाहिजे. ह्याहून विलक्षण गोष्ट अशी कीं, स्वतंत्रपणें अगदीं स्थिर असलेल्या दोन चालींमध्यें अयोग्य वेळीं अदलाबदल होत राहिली, तर त्यांच्या संयोगानें यंत्राचा नाश होऊं शकतो.

कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांत १९८२ मध्यें 'सोलर वन' नांवाचें दहा मेगावॉटचें सौरविद्युत्केंद्र सुरू झालें. १,८१८ आरसे एका मनोऱ्यावर सूर्यप्रकाश एकवटीत, आणि त्या उष्णतेनें पाण्याची वाफ होई. ढग आला कीं उष्णता एकाएकीं घटे, गेला कीं एकाएकीं वाढे. आणि अशा चढउतारांनीं धातूच्या नळ्यांस इजा पोंचते. पाण्याचा ओघ किती ठेवावा, हा प्रश्न स्वॉर्डर व रॉजर्स ह्यांनीं १९८३ मध्यें 'ऊन' आणि 'ढग' ह्या दोन स्थितींची मार्कोव्हची साखळी मानून सोडविला. पुष्किनच्या स्वरव्यंजनांच्या जागीं आतां ऊन आणि सावली आली होती. पुढें १९८९ मध्यें जेम्स हॅमिल्टननें अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या आंकड्यांस हीच कल्पना लाविली. मंदी केव्हां आली आणि केव्हां गेली ह्याच्या त्यानें गाळून काढलेल्या तारखा, तज्ज्ञांच्या मंडळानें मागाहून ठरविलेल्या तारखांशीं पुष्कळ अंशीं जुळल्या.

येथपर्यंतचा इतिहास बुद्धीच्या विजयाचा आहे; परंतु त्यास दुसरी बाजूही आहे. प्रवाशांच्या विमानांची टक्कर टाळणारी गाळणी आणि पळणाऱ्या विमानाचा वेध घेणाऱ्या क्षेपणास्त्रांतील गाळणी, ह्यांत गणिताच्या दृष्टीनें कांहींच भेद नाहीं. वीनरला हें लवकर उमगलें. युद्ध संपल्यावर क्षेपणास्त्रांचें काम करणाऱ्या एका इंजिनियरानें त्याच्या जुन्या अहवालाची प्रत मागितली, तेव्हां त्यानें ती देण्याचें नाकारलें, आणि नकाराचें पत्र जानेवारी १९४७ मध्यें एका मासिकांत प्रसिद्ध केलें. हिरोशिमानंतर आपल्या ज्ञानाचें पुढें काय होतें ह्याची जबाबदारी शास्त्रज्ञास टाळतां येत नाहीं, असा त्याचा आशय होता. त्याच्या नकारानें शस्त्रें थांबलीं नाहींत. तरीही आम्हांस तो व्यर्थ वाटत नाहीं, कारण ह्या शास्त्राचा एक फार महत्त्वाचा दोष त्यानें निराळ्या मार्गानें दाखवून दिला.

तो दोष असा. गाळणी कितीही सूक्ष्म असली, तरी चालींची यादी तिला माणसानेंच द्यावी लागते. सरळ जाणें आणि वळणें ह्या दोनच चाली सांगितल्या, तर विमान पेट घेऊन कोसळूं लागलें तरी ती त्याला 'वळणारें' असेंच म्हणेल, आणि आकड्यांनिशीं म्हणेल. यादींत नसलेली चाल तिला कधींही दिसत नाहीं. संकट येण्यापूर्वीं त्या संकटाचें नांव यादींत घालणें, हें काम गणिताच्या बाहेरचें आहे. तें अनुभवाचें, कल्पकतेचें आणि पुष्कळदां धैर्याचें असतें. ज्या गोष्टी घडाव्यात असें आपल्याला वाटत नाहीं त्यांचा संभव शून्य धरण्याची खोड व्यक्तींत आहे, संस्थांत आहे, आणि राज्यकर्त्यांतही आहे. आरंभीं सांगितलेल्या शेतकऱ्यास ती परवडत नाहीं. म्हणून पहिल्या पेरणीच्या वेळींच तो घरांत मूठभर बीं बाजूला ठेवतो.